भांडणांचा तक्ता

"सगळं आलंय हो यात. पण भांडणं कुठं लिहायची?" जाहिरातबाईंनी विचारलं.

रकानेबुवा खुर्चीत जरा मागे रेलले. समोरच्या भिंतीवर त्यांनी आठ कागद एकमेकांना चिकटवून केलेला भलामोठा आराखडा लावला होता, आणि तो पाहून कुणी असला प्रश्न विचारेल याची त्यांना मुळीच कल्पना नव्हती. शहराच्या बातम्या देणाऱ्या एका लहानशा वेबसाइटच्या ऑफिसात ते नोकरीला लागून सहा महिने होत आले होते. वेबसाइटवर जाहिरातींचे बॅनर झळकवायचे. कोणता बॅनर कुठल्या पानावर, कुठल्या चौकटीत, कुठल्या तारखेपर्यंत, आणि तो किती वेळा दिसला, हे सगळं न चुकता सांभाळणारा डेटाबेस त्यांना उभा करायचा होता. त्यासाठी त्यांनी सहा तक्ते आखले होते. प्रत्येक तक्त्यातून एक बाण निघून दुसऱ्या तक्त्यात शिरत होता. एकही बाण दुसऱ्या बाणाला छेदत नव्हता, याचा बुवांना स्वतःच्या लग्नापेक्षा जास्त अभिमान होता.

"कसली भांडणं?"

"अहो, थोरला गादीवाला आणि धाकटा गादीवाला. सख्खे भाऊ. दोघांचे बॅनर एका पानावर आले तर दोघंही जाहिरात काढून घेतील, आणि जाताना माझा उद्धार करतील तो वेगळाच."

"दोघांचा धंदा एकच, म्हणून?"

"छे! धंद्याचं काय घेऊन बसलात! त्यांचं खिडकीवरून वाजलंय."

बुवांना खिडकीत रस नव्हता. त्यांना रस होता तो रकान्यांत, आणि म्हणून तर ऑफिसात त्यांचं खरं नाव हजेरीवहीखेरीज कुठेही उरलं नव्हतं. घरच्या सामानाची यादीसुद्धा ते तीन रकान्यांत करत: वस्तू, प्रमाण आणि कारण. बायकोने एकदा कारणाच्या रकान्यात 'खायला' असं लिहिलं, तर ते पुरेसं नेमकं नाही म्हणून बुवांनी यादी परत पाठवली होती. त्या दिवशी घरात जेवण झालं नाही.

"असं आणखी कुणाचं आहे का?" त्यांनी विचारलं.

बाईंचा चेहरा असा काही उजळला, की बुवांना तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण डेटाबेसवाल्या माणसाला चेहरा वाचता आला असता तर तो डेटाबेसकडे कशाला वळला असता? "बसा," बाई म्हणाल्या, "आणि आधी चहा सांगा. आपले जाहिरातदार चौदा. मी दोन वर्षं दुकानोदुकानी हिंडतेय. जाहिरात दहा मिनिटांत ठरते हो, पुढचा दीड तास मी शेजारच्याबद्दल ऐकत असते."

चहा संपेपर्यंत सातवा तक्ता तयार झाला. त्याला तीन रकाने: पहिला जाहिरातदार, दुसरा जाहिरातदार आणि कारण. ज्या दोघांची नावं एका ओळीत येतील, त्यांचे बॅनर एका पानावर कधीही येणार नाहीत. काम चोख होतं.

"कारण कशाला?" बाईंनी विचारलं. "मला सगळी पाठ आहेत."

"कारणाशिवाय ओळ जतनच होणार नाही. रकाना सक्तीचा आहे."

"मग मी 'उगाच' लिहीन."

"'उगाच' चालणार नाही! उद्या मी नसेन, तुम्ही नसाल. दोन वर्षांनी कुणी मागे वळून पाहिलं, तर या दोघांना वेगळं का ठेवलं हे त्याला समजायला हवं. नोंद कशी हवी? खरी आणि पुरती."

"खरी आणि पुरती?"

"खरी आणि पुरती."

"तुम्ही म्हणता म्हणून हं," असं म्हणून बाईंनी पदर खोचला आणि की-बोर्ड पुढे ओढला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बुवांना एवढी घाई होती त्याला कारण होतं. शुक्रवारी त्यांचे उमेदवारीचे सहा महिने संपत होते. शुक्रवारी सकाळी नऊला बॅनर सुरू व्हायचे होते आणि संध्याकाळी पाचला मालक सांगणार होते, की बुवा कायम झाले की घरी गेले. घरी गेले म्हणजे नुसते घरी गेले असते तरी चाललं असतं. पण त्यांच्या सासऱ्यांचं चष्म्याचं दुकान होतं, सासऱ्यांना एकुलती एक मुलगी होती, आणि त्या दुकानात काउंटरमागे एक स्टूल चार वर्षं जावयाची वाट पाहत होतं. त्या स्टुलावर निळी उशीसुद्धा शिवून ठेवली होती.

लग्नानंतर आठच दिवसांनी सासऱ्यांनी बुवांना दुकानात बोलावलं होतं. बुवांनी 'मला डेटाबेस करायचेत' असं उत्तर दिलं. सासऱ्यांना डेटाबेस म्हणजे काय ते कळलं नाही, पण नकार बरोबर कळला. तेव्हापासून ते जावयाशी एक शब्द थेट बोलले नव्हते. एकाच टेबलाशी जेवताना ते मुलीला म्हणत, "विचार तुझ्या नवऱ्याला, भाजी वाढू का." मुलगी विचारी, बुवा 'नको' म्हणत, मुलगी 'नको म्हणतात' असं सांगे. या पद्धतीने एक साधं जेवण दीड तास चाले. आता तर सासरेबुवा या वेबसाइटचे जाहिरातदारही झाले होते, आणि तेही जावयाला न सांगता, थेट जाहिरातबाईंकडून.

"हे बघा," बायकोने बजावलं होतं, "कायम झाल्याचं पत्र आणलंत तर बाबांचं मी बघते. नाही आणलंत तर सोमवारपासून तुम्ही स्टुलावर. मग मला मध्ये घेऊ नका. लोक घरजावई होतात, तुम्ही दुकानजावई व्हा."

गुरुवारी दुपारी मालक अवतरले. मालकांना काम पूर्ण होत आलं की त्यात भर घालायची सवय होती. "बुवा, दोन गोष्टी. सगळ्यात वरती आपली स्वतःची जुनी पट्टी आहे तशीच पाहिजे. 'शहर इथे वाचतं.' प्रत्येक पानावर, कायम. तिला हलवायचं नाही."

"होईल."

"दुसरं, समजा एखाद्याचा बॅनर एखाद्या पानावर दिसला नाही. मग तो मला फोन करणार, का दिसला नाही? मी काय सांगू? गिऱ्हाइकाला कारण कळलं पाहिजे. रोज दुपारी बाराच्या ठोक्याला प्रत्येकाला मेल गेला पाहिजे. इतक्या वेळा दिसला नाही, अमक्यामुळे दिसला नाही."

"उद्यापासून?"

"उद्यापासून म्हणजे उद्याच."

बुवांनी हे काम पंधरा मिनिटांत केलं. करायचं होतं काय? कारणाचा रकाना आयता भरून तयार होता, तो उचलून मेलमध्ये जोडला. मजकूर त्यांनी वाचला नाही. 'आपण ढाचा बघतो, मजकूर नाही,' हे त्यांचं ब्रीद होतं. मेलच्या शेवटी 'आपला नम्र' लिहून खाली स्वतःचं नाव टाकलं, कारण ऑफिसात डेटाबेसचा विभाग म्हणजे एकटे तेच होते.

शुक्रवारी नऊला बॅनर सुरू झाले. मालक, बाई आणि बुवा एकाच स्क्रीनकडे डोळे लावून बसले. पान उघडलं. वरती 'शहर इथे वाचतं' ही पट्टी ऐटीत झळकली. तिच्याखाली पाच चौकटी होत्या. पहिल्या चौकटीत केकवालीचा तीनमजली केक दिसला. उरलेल्या चार चौकटी पांढऱ्याफटक.

"नेट हळू असेल," मालक म्हणाले.

दुसरं पान उघडलं. पट्टी, एकटा जिमवाला, चार पांढऱ्या चौकटी. तिसऱ्या पानावर दाताचे डॉक्टर एकटेच हसत होते.

मालकांनी आपल्या खोलीत जाऊन दोन पाकिटं आणली आणि बुवांना दुरूनच दाखवली. "या पाकिटात कायम. या पाकिटात नमस्कार. पाच वाजता यातलं एक देणार. चौकटी भरा."

बुवांनी सगळा प्रोग्रॅम दोनदा तपासला. चूक सापडेना. बाण जागच्या जागी होते. शेवटी त्यांनी सातव्या तक्त्यातल्या ओळी मोजल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, एकोणनव्वद ओळी आहेत!"

"मग?"

"चौदा जणांच्या जोड्या होतात एक्क्याण्णव! एक्क्याण्णव जोड्यांत भांडणं किती?"

"अठ्ठ्याऐंशी. एक ओळ वेगळी आहे."

"म्हणजे न भांडणाऱ्या जोड्या फक्त तीन?"

"त्यांची अजून ओळख झालेली नाही," बाई शांतपणे म्हणाल्या.

आता मजकूर वाचण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सव्वाअकरा वाजले होते. दहा-वीस फालतू भांडणं काढून टाकली की चौकटी भरतील, असा बुवांचा साधा हिशेब. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या तक्त्यातला मजकूर वाचायला घेतला.

थोरला गादीवाला आणि धाकटा गादीवाला: 'वडिलांचं दुकान वाटताना थोरल्याने खिडकीकडची बाजू लाटली. धाकट्याच्या गाद्यांना ऊन लागत नाही.' फोटोग्राफर आणि जिमवाला: 'व्यायामाच्या आधीचा आणि सहा महिन्यांनंतरचा असे दोन फोटो काढले. दोन्ही सारखेच आले.' नाचाच्या क्लासच्या बाई आणि ड्रायव्हिंग स्कूलवाले: 'बाई तीनदा नापास. त्यांच्या मते रस्ता वाकडा होता.' शिंपी आणि लॉन्ड्रीवाला: 'कोट धुताना आखडला की शिवतानाच आखूड होता, यावर दोन वर्षं विचार चालू आहे.' दाताचे डॉक्टर आणि केकवाली: 'डॉक्टर लोकांना केक खाऊ नका सांगतात आणि स्वतः खातात, पण हिच्याकडचा नाही.'

बुवांना आधी हसू आलं, मग आवरेना. जिमवाल्याची ओळ त्यांनी दोनदा वाचली. एक ओळ काढून टाकावी म्हणून बोट पुढे न्यावं, तर पुढची ओळ बोलावायची. खरी आणि पुरती नोंद इतकी वाचनीय असते, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. बत्तीस, पन्नास, सत्तर असं करत ते एकोणनव्वदाव्या ओळीवर पोचले.

पहिला जाहिरातदार: चष्मेवाले. दुसरा जाहिरातदार: आपलीच वेबसाइट. कारण: 'इथे यांचा जावई कामाला आहे. गिऱ्हाइकांना कळलं तर दुकानाची अब्रू जाईल.'

बुवांचं हसू जागच्या जागी विरलं. वेबसाइटची पट्टी प्रत्येक पानावर कायमची होती, म्हणजे सासऱ्यांचा बॅनर कुठल्याच पानावर कधीच दिसणार नव्हता. स्टूल परवडलं, पण हे जिव्हारी लागलं. चार वर्षं हा माणूस बोलत नाही तो रागाने, असंच बुवा धरून चालले होते. त्याला आपली लाज वाटते, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. ते त्या ओळीकडे बघतच राहिले.

तेवढ्यात संगणकातून टिंग असा आवाज आला.

"हे काय वाजलं?" बाईंनी विचारलं.

"बारा वाजले," बुवा म्हणाले, आणि मग त्यांना कळलं की ते काय म्हणाले. चौदा मेल निघून गेले होते. खरे आणि पुरते.

पहिला फोन बारा वाजून एक मिनिटाने आला. तो उचलेपर्यंत दुसरा आला. तिसऱ्या फोनला बाई म्हणाल्या, "ते जागेवर नाहीत," आणि बुवा खरोखरच टेबलाखाली वाकले होते. साडेबारापर्यंत फोन थांबले. बुवांना हायसं वाटलं. पण फोन थांबले होते, कारण माणसं निघाली होती.

जिन्यावर आधी दोन माणसांची पावलं वाजली, मग चार, मग मोजणं शक्य होईना. थोरला गादीवाला आत शिरला, त्याच्या मागोमाग धाकटा, पण दोघं एका दारातून आलो असं दिसू नये म्हणून धाकटा थोडा वेळ बाहेर थांबला. शिंपी आला, लॉन्ड्रीवाला आला. नाचाच्या बाई धापा टाकत आल्या, त्या चालत आल्या होत्या. ऑफिसात खुर्च्या नऊ. कोण कुणाशेजारी बसणार नाही, हे जगात फक्त जाहिरातबाईंना पाठ होतं. त्यांनी दोन टेबलं सरकवून, एक कपाट मध्ये घालून, सगळ्यांना असं बसवलं की कुणाचीही नजर कुणाला भिडू नये. जे बुवांच्या डेटाबेसला जमलं नव्हतं, ते बाईंनी पाच मिनिटांत केलं.

सगळ्यात शेवटी सासरेबुवा आले. हातात मेलचा छापील कागद होता. दाराजवळच्या खुर्चीवर बसून ते भिंतीवरचा आराखडा वाचू लागले.

"ही खिडकीची ओळ कुणी लिहिली?" थोरल्याने दम दिला.

बाईंनी पेन बुवांकडे रोखलं. "खरी आणि पुरती लिहा, असं यांनी सांगितलं होतं."

"साहेब, चूक झाली," बुवा हात जोडून म्हणाले. "आत्ताच्या आत्ता काढून टाकतो. ओळच काढून टाकतो."

"काढता काय? दुरुस्त करा! 'खिडकीकडची बाजू लाटली' म्हणे! लाटली नाही. वडिलांनी मला दिली. लिहा, 'दिली'."

"'दिली' कशी?" धाकटा कपाटामागून ओरडला. "विचारलं तेव्हा वडील झोपेत होते!"

"झोपेत होते, पण 'हं' म्हणाले ना?"

बुवांनी दोघांकडे पाहिलं. "मग असं लिहू का, 'खिडकी वडिलांनी झोपेत दिली'?"

दोन्ही भाऊ विचारात पडले. "हे बरोबर आहे," थोरला म्हणाला. "हे अगदी बरोबर आहे," कपाटामागून आवाज आला. बुवांनी दुरुस्ती जतन केली. दोघांनीही स्क्रीनवर वाकून ती नीट वाचली आणि आपापल्या जागी जाऊन पुन्हा एकमेकांकडे पाठ फिरवली.

"मग आता ओळ काढायची का?" बुवांनी आशेने विचारलं.

"ओळ कशाला काढता?" दोघं एकदम म्हणाले. "भांडण आहेच की!"

मग रांगच लागली. जिमवाल्याचं म्हणणं होतं, की दोन्ही फोटो सारखे मुळीच आलेले नाहीत, दुसऱ्यात आपण श्वास रोखून धरलाय, ते नमूद करा. नाचाच्या बाई तीनदा नाही, दोनदाच नापास झाल्या होत्या. तिसऱ्यांदा परीक्षकच स्वतः गाडीतून उतरून घरी गेले, त्याला नापास म्हणत नाहीत. दाताच्या डॉक्टरांनी घसा खाकरून सांगितलं, की आपण केकवालीकडचाही केक खाल्लाय, एकदा.

"कधी?" केकवालीने विचारलं.

"मागच्या हिवाळ्यात. नोकराकरवी मागवला होता."

"आणि?"

डॉक्टरांनी ओठांवरून जीभ फिरवली. "दुसऱ्यांदाही मागवला होता," ते शेवटी म्हणाले. केकवालीने मान फिरवली, पण ती ओळ आहे तशीच ठेवा असा आग्रह दोघांनीही धरला. फक्त 'हिच्याकडचा नाही' या शब्दांच्या जागी 'हिच्याकडचाही, चोरून' असं घातलं गेलं.

एवढ्यात मालकांच्या खोलीचं दार उघडलं. "काय गोंधळ आहे हा? बुवा, तो सातवा तक्ता पुसून टाका! मुळापासून पुसा! चौकटी भरा आणि विषय संपवा!"

मग एकमेकांचं तोंड न बघणारे ते चौदाजण पहिल्यांदा एका सुरात बोलले. "पुसायचा नाही!"

"अहो, पण तुमचे बॅनर दिसत नाहीयेत!"

"न दिसोत," धाकटा गादीवाला म्हणाला. "अकरा वर्षं मी त्या खिडकीचं सांगतोय. घरचे ऐकत नाहीत, गिऱ्हाइकं ऐकत नाहीत. आज पहिल्यांदा कुणीतरी ते नीट लिहून घेतलं. माझ्या ओळीला कुणी हात लावायचा नाही."

मालक दार लावून आत गेले ते पाचपर्यंत बाहेर आले नाहीत. बुवा दुरुस्त्या करत राहिले. लॉन्ड्रीवाला आणि शिंप्याच्या ओळीला तर चाळीस मिनिटं लागली. पुरावा म्हणून कोटच आणला होता, आणि तो आत नेऊन पाहिला तर शेवटी मालकांनाच बसला. मधूनमधून बुवांची नजर दाराकडे जाई. सासरेबुवा हलले नव्हते. ते रांगेतल्या प्रत्येकाला पुढे जाऊ देत होते. घड्याळ पुढे सरकत होतं आणि बुवांच्या डोळ्यांपुढे निळी उशी स्पष्ट होत चालली होती.

पाचला मालकांनी आत बोलावलं. टेबलावर दोन्ही पाकिटं होती. कोट खुर्चीच्या पाठीवर होता.

"दोन वर्षं," मालक म्हणाले, "या चौदाजणांतला एकही जण कधी आपला जिना चढला नव्हता. बाईंना त्यांच्या दारात जाऊन ताटकळत बसावं लागायचं. आज चौदाच्या चौदा आले. आणि मेल किती जणांनी उघडला, बघितलंत? चौदांपैकी चौदांनी. सहाजणांनी दोनदा. अहो, मोठमोठ्या कंपन्यांना शंभरातले दोन मिळत नाहीत! मघाशी मी आतून एकेकाला फोन करून विचारलं, की जाहिरात पुढे चालू ठेवायची का. सगळे म्हणाले, मेल रोज येणार असेल तर ठेवा."

"आणि बॅनर?"

"बॅनरचं बघू कधीतरी." त्यांनी डावीकडचं पाकीट पुढे सरकवलं आणि उजवीकडचं फाडून टाकलं. मग जरा घाबरून फाटलेल्या तुकड्यांवरचा मजकूर तपासला. पाकीट बरोबर फाडलं होतं. बुवा कायम झाले होते.

बाहेर आले तेव्हा खोली रिकामी झाली होती. बाई घरी गेल्या होत्या. फक्त सासरेबुवा होते. ते उठून बुवांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर येऊन बसले आणि सवयीने इकडेतिकडे पाहू लागले. ज्याच्याकरवी बोलावं असं कुणी तिथे नव्हतं. कपाट होतं, पण ते काही सांगणार नव्हतं.

"कारण चुकीचं आहे," अखेर ते टेबलाला म्हणाले.

"दुरुस्त करतो," बुवा म्हणाले. "काय लिहू, बाबा?"

"पत्र मिळालं?"

"मिळालं."

"कायमचं?"

"कायमचं."

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसला, मग पुन्हा पुसला. "म्हणजे दुकानात येणार नाही."

"नाही, बाबा."

"मग तेच लिहा. 'जावयाला दुकानात बोलावलं होतं. आला नाही.'" ते थांबले. "अब्रूबिब्रू सगळं त्या बाईंनी पदरचं घातलंय. मी एवढंच म्हणालो होतो, की जावई तिथे असतो, त्या पट्टीशेजारी माझं दुकान नको. पट्टी दिसली की वाईट वाटतं."

बुवांनी अक्षर न् अक्षर तसंच लिहिलं. त्यांनी स्क्रीन सासऱ्यांकडे फिरवला. सासऱ्यांनी चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून ती ओळ हळूहळू वाचली आणि मान हलवली.

"बाबा, ही ओळ काढून टाकली तर तुमचा बॅनर उद्यापासून सगळ्या पानांवर दिसेल."

"दिसून काय करायचंय? ज्याला चष्म्याची गरज आहे त्याला तो बॅनर वाचता येतो होय? मुळात जाहिरात दिलीच कशाला, हे तुमच्या सासूबाईही मला विचारतात." मग आवाज थोडा खाली आणून त्यांनी विचारलं, "तो मेल मात्र रोज येतो ना?"

"रोज. बारा वाजता."

"खाली तुमचंच नाव असतं?"

"माझंच."

"मग राहू द्या ओळ," सासरेबुवा म्हणाले, आणि छापील कागदाची नीट घडी करून खिशात ठेवत जिना उतरून गेले.

पुढच्या बुधवारी बारा वाजता चौदा मेल गेले आणि बारा वाजून दोन मिनिटांनी एकाला उत्तर आलं. ते कोणाचं हे बुवांना उघडण्याआधीच कळलं. त्यात लिहिलं होतं: 'जावईबापू, काल बॅनर अकराशे चार वेळा दिसला नाही. आज एक हजार एक्क्याऐंशी वेळाच. तेवीस कमी. चुकून कुठे दिसला तर नाही ना? कामावर नीट लक्ष ठेवा. आणि वेळेवर जेवा.'